जयंतीच्या पाठीचा फोटो

जयंती घाडीने हाताला धरून पाण्यात उतरवलेल्या बायका मुलुंडमध्ये कुठेही भेटतात. भाजीच्या गाडीशी, बँकेच्या रांगेत, कोणाच्या बारशात. "मॅडम, मी अजून पोहते हं!" असं कोणीतरी ओरडतं. नाव आठवत नसलं तरी जयंती विचारते, "श्वास पाण्यात सोडतेस ना? का अजून मान वर काढून धापा टाकतेस?" बाई लाजते. म्हणजे अजून धापाच टाकते.

जयंतीला स्वतःला कोणी क्लास लावून पोहायला शिकवलं नव्हतं. तिचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर घाडींचं बिऱ्हाड भांडुपला आलं आणि तिथलंच झालं. पण दर मे महिन्यात मालवणकडच्या गावी जायचं. तिथे खाडीत आजोबांनी तिच्या कमरेला दोन सुके नारळ बांधले आणि होडीतून सोडून दिलं. पुढच्या वर्षी एक नारळ काढला. त्याच्या पुढच्या वर्षी दुसरा. झालं शिक्षण.

चोविसाव्या वर्षी ती मुलुंडच्या एका जुन्या क्लबच्या तलावावर नोकरीला लागली. दुपारी दोन ते चार तलाव रिकामा असायचा. "त्या वेळात बायकांची बॅच घेऊ?" असं तिने विचारलं. कोणी येणार नाही म्हणाले सगळे. पहिल्या महिन्यात चार जणी आल्या, वर्षभरात साठ झाल्या. जयंतीने लग्न केलं नाही. एक-दोन स्थळं आली, पण मुलाकडच्यांना बायको कॉश्च्यूम घालून नोकरी करते हे पटेना, आणि तिला नोकरी सोडणं पटेना. आई वनमाला आणि ती, भांडुपच्या दोन खोल्यांत दोघीच.

दोघीच म्हणायचं, पण खरं तर तिघी. नाहूरची क्षमा नऊ वर्षांची असताना बॅचला आली. तीन आठवडे तिने कठड्याची दांडी सोडली नाही. बाकीच्या मुली पुढे गेल्या, तिची आई वैतागली. जयंती मात्र रोज पंधरा मिनिटं तिच्याशेजारी पायरीवर पाण्यात बसायची. शिकवायची नाही, गप्पा मारायची. एक दिवस बोलता बोलता क्षमाने दांडी सोडली आणि तिचं तिलाच कळलं नाही. क्षमाची आई दिवसभर दुकानात कामाला, म्हणून शाळा सुटली की पोर भांडुपला जेवायला यायची. वनमालाबाई तिच्यासाठी वेगळी कमी तिखट आमटी काढून ठेवायच्या. पुढे जयंतीने तिला जीवरक्षकाची परीक्षा द्यायला लावली आणि क्लबात खटपट करून आपल्या हाताखाली घेतलं. आठ वर्षं दोघींनी मिळून बॅच चालवली. उथळ बाजू क्षमाची, खोल बाजू जयंतीची.

गेल्या वर्षी जानेवारीत जयंतीचा घसा धरला. ताप आला, गेला. दोन-तीन आठवड्यांनी आंघोळ करताना पाठीला काहीतरी खरखरीत लागलं. आईला दाखवलं.

"गो बाय, ह्या काय झाला तुज्या पाठीर?" वनमालाबाई चष्मा वर-खाली करत म्हणाल्या. "पाण्याचे थेंब उडाल्यासारखे लाल लाल ठिपके असत."

मग दोन्ही कोपरांवर बाहेरच्या बाजूला चट्टे उठले. लाल, जाड, आणि वर पांढरा कोंडा. शेजारच्या चंपाकाकूंनी लांबूनच बघून निकाल दिला, गजकर्ण. केमिस्टनेही तेच सांगून एक ट्यूब दिली. चार दिवसांत चट्टे फिकट पडले आणि जयंती खूश झाली. ट्यूब संपली तसे चट्टे परत आले, पहिल्यापेक्षा मोठे. दुसरी ट्यूब, मग तिसरी. एप्रिलपर्यंत गुडघे भरले, केसांच्या कडेला कपाळावर पट्टा आला. वनमालाबाईंना गावची एक बाई आठवायला लागली होती.

"आमच्या वाडीत एका बायेक असाच झालेला. तिका ताट येगळा, पाट येगळो. पोरांका जवळ जावक देत नसत."

"आई, गप."

"मी काय म्हणूचंय नाय. तू माजी पोर. पण लोकांका कोण सांगतला?"

क्षमानेच शेवटी हट्ट धरला. "ताई, बस झालं ट्यूब-बिब. उद्या माझ्याबरोबर चल." डॉक्टर गंधाली म्हणून एक त्वचारोगतज्ज्ञ होत्या, त्यांची वेळ तिनेच घेतली, आणि आत तपासायच्या खोलीतही तीच बरोबर बसली.

डॉक्टरांनी आधी चट्टे पाहिलेच नाहीत. त्यांनी जयंतीचे हात मागितले आणि नखं निरखली. नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे होते. जयंतीने ते कधी पाहिले नव्हते.

"सकाळी बोटं, गुडघे आखडतात का?"

"नाही."

"आखडले तर लगेच सांगायचं, थांबायचं नाही." मग त्यांनी कोपरावरचा थोडा कोंडा काचपट्टीवर खरवडून घेतला. खाली रक्ताचे दोन-तीन सुईएवढे ठिपके उगवले. काचपट्टीवर औषधाचा थेंब टाकून त्या सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहत राहिल्या. "यात बुरशी नाही. हे गजकर्ण नाही, जयंतीताई. हा सोरायसिस आहे."

जयंतीने बाही खाली ओढली. "म्हणजे लागणारा?"

"अजिबात नाही. मिठी मारा, एका ताटात जेवा, एका तलावात पोहा. कोणाला होणार नाही." डॉक्टरांनी समोरच्या कागदावर एक गोल काढला. "हे बघा. गजकर्ण असं असतं. कडा उठलेली, तिच्यावर बारीक पुरळ, आणि मधली कातडी बरी झालेली. ती बुरशी, ती लागते. इसब वेगळा. त्याची कडा कळत नाही, नीट रेघ मारता येत नाही, तो बहुतेकदा कोपराच्या आतल्या घडीत बसतो, खाजून जीव नको करतो आणि कधी पाझरतो. तुमचा चट्टा कोपराच्या बाहेर आहे, कडा आखल्यासारखी आहे, वर चंदेरी पापुद्रा. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून भडकते. कातडी महिन्याभरात नवी व्हायची ती चार-पाच दिवसांत होते आणि थर साचतात. घशाच्या संसर्गाने सुरुवात झाली असणार."

"आणि ती ट्यूब?"

"त्यात जोरदार स्टिरॉइड असतं. नीट मोजून-मापून दिलं तर तेही औषधच आहे. पण मनाने लावलं आणि मनाने सोडलं की आजार उसळून येतो. पोहणं सोडू नका. बाहेर आल्यावर क्लोरीन धुऊन टाका आणि ओल्या अंगावर मलम लावा. मुळापासून जाईल असं वचन मी देत नाही, पण आटोक्यात राहील."

क्षमाने हे सगळं फोनमध्ये टिपून घेतलं होतं. संध्याकाळी तिनेच वनमालाबाईंना समजावलं, तेही अगदी त्यांच्या भाषेत. "आजी, ह्या लागना नाय. ताट येगळा काढूचा नाय." वनमालाबाई रडल्या आणि त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला.

डॉक्टरांनी दर पंधरा दिवसांनी पाठीचा फोटो काढून ठेवायला सांगितला होता, औषधाचा गुण कळावा म्हणून. आईचा हात थरथरायचा. मग क्षमाच आपल्या फोनवर काढायची आणि ताईला पाठवायची. पहिल्या फोटोच्या वेळी जयंती स्वयंपाकघरात पाठ उघडी टाकून ओट्याकडे तोंड करून उभी राहिली आणि का कोण जाणे, तिला हुंदका आला. आयुष्यभर कॉश्च्यूममध्ये वावरलेली बाई ती, पण अशी कधी कोणापुढे उभी राहिली नव्हती.

"झालं ताई, झालं," क्षमा म्हणाली. "माझ्याशिवाय कोण बघणारे?"

औषधाने गुण येत होता. पाठ निवळत चालली होती, कोपर मात्र हट्टी होते. बॅचमध्ये काही बायका विचारायच्या, जयंती सरळ सांगायची. कोणी मान डोलवायचं, कोणी पुढच्या वेळी जरा दुसऱ्या बाजूने पाण्यात उतरायचं. तिने मनाला लावून घेतलं नाही.

दिवाळीनंतर क्लबचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांचा निरोप आला. ऑफिसात कमिटीसमोर या. जयंती गेली तर टेबलाभोवती पाच जण आणि एका टोकाला क्षमा बसलेली. आपल्यालाही बोलावलंय हे क्षमाने तिला सांगितलं नव्हतं.

"घाडी मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," चंद्रप्रकाश म्हणाले. "जान्हवी म्हणून दहा वर्षांची मुलगी आहे ना तुमच्याकडे, तिला अंगावर चट्टे उठलेत. तिच्या आईची लेखी तक्रार आहे. तुमच्या रोगामुळे झालं म्हणतात. सोबत पुरावाही जोडलाय."

त्यांनी कागद पुढे सरकवला. तक्रारीखाली टाचलेला एक रंगीत प्रिंट होता.

उघडी पाठ. सगळीकडे लाल ठिपके. खांद्यांवर कॉश्च्यूमच्या पट्ट्यांच्या गोऱ्या रेघा. चेहरा नव्हता, पण डाव्या कडेला निळ्या फरशा आणि कुकरचा दांडा दिसत होता. तिच्या ओट्यावरच्या फरशा, तिचा कुकर. आणि एप्रिलमधली पाठ, आत्ताची नव्हे.

तो फोटो जगात दोनच ठिकाणी होता. जयंतीच्या फोनमध्ये आणि ज्या फोनने काढला त्या फोनमध्ये.

कानात पाणी गेल्यावर जसं सगळं लांबून ऐकू येतं तसं तिला कमिटीचं बोलणं ऐकू येत राहिलं. तिने सांगितलं, हा सोरायसिस आहे, लागत नाही, डॉक्टरांनी तपासणी केली आहे, कागद आणून देते. चंद्रप्रकाश तिच्याकडे न बघता क्षमाकडे वळले.

"तू रोज बरोबर असतेस. डॉक्टरकडे पण गेली होतीस म्हणे. हे पसरणारं आहे का?"

क्षमाने टेबलाच्या काचेवर नख ओढलं. "मी डॉक्टर नाही, सर."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. जयंतीने क्षमाकडे पाहिलं. वाटलं, आता पुढे काहीतरी बोलेल. एक वाक्य. आजीला सांगितलं होतं त्यातलं एक. क्षमा काचेवर नख ओढत राहिली.

निर्णय होईपर्यंत जयंतीने पाण्यात उतरू नये, बॅच क्षमा सांभाळेल, असं ठरलं.

बाहेर पॅसेजमध्ये जान्हवी आणि तिची आई सपना बसल्या होत्या. सपनाने लेकीला पटकन जवळ ओढलं. जयंतीला तसंच निघून जावंसं वाटत होतं. पण मुलीच्या दंडाकडे लक्ष गेलं आणि पाय अडखळले. ती चार हातांवर थांबली.

"हात लावत नाही मी. फक्त दंड जरा उजेडात धर, जान्हवी."

गोल चट्टा. कडा उठलेली, कडेवर बारीक पुरळ, आत कातडी जवळजवळ साफ. शेजारी दोन लहान गोल.

"मॅडम, आता तुम्ही…" सपना चिडून म्हणाली.

"हे गजकर्ण वाटतंय. माझं आहे ते हे नाही. माझं बघा," जयंतीने बाही वर केली. "कडा आखलेली आणि आत सगळीकडे पापुद्रा. हिचं आत रिकामं आहे. हिला कोणती ट्यूब लावताय? केमिस्टकडची?"

सपनाने मान हलवली.

"लावली की दोन दिवस बरं वाटतं, मग डबल होतं. हो ना? मीही तीन ट्यूब संपवल्या. ती बंद करा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. पोरी एकमेकींचे टॉवेल वापरतात, ओल्या कॉश्च्यूममध्ये बसून वडापाव खातात, मी सांगून सांगून दमले. घरात अजून कोणाला आहे का बघा."

"माझ्या मिस्टरांना आहे," सपना हळूच म्हणाली. "कमरेला." मग जरा थांबून, "मला क्षमा मॅडमनी सांगितलं, ताईंना इन्फेक्शन आहे, मुलीला सांभाळा. फोटोही त्यांनीच पाठवला. त्या खोटं कशाला बोलतील असं वाटलं."

म्हणजे उरलीसुरली शंकाही गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयंती नाहूरला क्षमाच्या घरी गेली. क्षमाने दार उघडलं आणि उघडंच धरून उभी राहिली. आत ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. जयंती स्वतःच आत जाऊन बसली.

"फोटो का दिलास?"

"ताई, त्या बाई मागेच लागल्या होत्या…"

"फोटो का दिलास, क्षमा?"

क्षमा पंख्याच्या बटणाशी चाळा करत उभी होती. मग एकदम बोलायला लागली, जणू खूप दिवस घोकलेलं होतं. "आठ वर्षं मी उथळ बाजूला उभी आहे. आठ वर्षं तू म्हणतेस, पुढे बॅच तुझीच आहे. कधी पुढे? तू पंचावन्नची होशील तेव्हा? सगळ्यांच्या तोंडी घाडी मॅडम, घाडी मॅडम. मी कोण? मॅडमची पोरगी. मला चंद्रप्रकाश सर म्हणाले, मुख्य शिक्षिकेची जागा एकच आहे."

"मग माझ्याकडे मागायचीस. भांडायचंस."

"तुझ्याशी भांडता येतं का कोणाला? तू एवढं केलंयस माझ्यासाठी की तोंडच उघडत नाही." तिचे डोळे भरले होते, पण आवाज कडकच होता. "आणि मी खोटं नाही बोलले. कमिटीत मी एक अक्षर खोटं बोलले नाही."

"नाही बोललीस," जयंती म्हणाली. "तुला सगळं पाठ होतं. बुरशी नाही, लागत नाही, ताट वेगळं काढायचं नाही. माझ्या आईला सांगितलंस तू. आणि तिथे म्हणालीस, मी डॉक्टर नाही."

क्षमाने चेहरा झाकून घेतला. जयंतीला वाटलं होतं, ही रडली की आपण विरघळू. पण आतून काही हललं नाही. तिचं तिलाच नवल वाटलं. ती उठली. "तो फोटो पुस. जिथे जिथे असेल तिथून," एवढंच सांगून जिना उतरली.

पुढचं सगळं यथासांग झालं. डॉक्टर गंधालींनी पत्र दिलं, शिक्क्यासकट. जान्हवीला गजकर्णच निघालं. सगळ्या घराने औषध घेतलं आणि दीड महिन्यात दंड स्वच्छ झाला. सपनाने तक्रार मागे घेतली आणि भांडुपला येऊन वनमालाबाईंसमोर माफी मागितली. वनमालाबाईंनी तिला चहा दिला आणि ती गेल्यावर म्हणाल्या, "ही परकी. हिचा काय वायट वाटूचा? त्या पोरीक मी आमटी येगळी काढून ठेवी."

क्लबने पत्राची दखल घेतली. चंद्रप्रकाश यांनी फोन करून सांगितलं, "आम्हाला मान्य आहे मॅडम, शंभर टक्के. पण पालकांच्या मनात एकदा बसलं ना… तुम्ही काही दिवस ऑफिसात नावनोंदणी बघा. फुल बाह्यांचा ड्रेस घाला. वातावरण निवळलं की बघू." जयंतीने दोन दिवस विचार केला आणि राजीनामा पाठवला. बावीस वर्षांची नोकरी तीन ओळींत संपली. त्या महिन्यात कोपर पेटले, कपाळावरचा पट्टा भुवईपर्यंत उतरला. मनावर ताण आला की हा आजार उसळतो, डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जाऊन अतिनील दिव्यांच्या पेटीत उपचाराला उभं राहावं लागायचं. डोळ्यांना काळा चष्मा लावून त्या उभ्या पेटीत ती आकडे मोजायची, कारण मोजलं नाही की क्षमाचं बोलणं ऐकू यायचं. त्यातलं सगळंच खोटं नव्हतं, हे तर जास्तच टोचायचं. पुढे बॅच तुझीच, असं ती खरंच दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी विसरायची. पण म्हणून कोणी कोणाची पाठ अशी चारचौघांत मांडतं?

उन्हाळ्यात भांडुपच्याच एका मोठ्या सोसायटीने तिला विचारलं. त्यांचा लहानसा तलाव होता आणि बायकांना शिकवायला कोणी नव्हतं. पहिल्या दिवशी सात जणी आल्या. पाण्यात उतरायच्या आधी जयंतीने सगळ्यांना काठावर बसवलं आणि दोन्ही कोपर पुढे केले.

"हे नीट बघून घ्या. याला सोरायसिस म्हणतात. लागत नाही. डॉक्टरांचं पत्र सोसायटीच्या ऑफिसात आहे, ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा. ज्यांना तरी नको वाटतंय त्यांनी आत्ताच उठा, मला राग नाही. मागाहून नको."

एक बाई उठून टॉवेल गुंडाळून गेली. सहा राहिल्या. त्यातल्या एकीने, मधुवंती नावाच्या, साठीच्या, बाही वर करून आपल्या कोपराच्या आतली काळपट, खाजवून जाड झालेली घडी दाखवली. "माझं हे काय असेल हो?"

"इसब असावा. पण मी डॉक्टर…" जयंती बोलता बोलता थांबली. ते वाक्य तिच्याच्याने पुरं झालं नाही. "डॉक्टरांचा नंबर देते. दाखवून या. तोपर्यंत पोहायला हरकत आहे का तेही त्यांनाच विचारा."

बॅच आता तेवीस जणींची झाली आहे. सोसायटीचे लोक म्हणतात, एवढ्या जणींना एकटीने सांभाळणं जड जातं, मदतीला कोणी तयार करा. जयंती हो म्हणते आणि विषय बदलते. उथळ बाजूला नवख्या, त्यांना घेऊन ती स्वतःच उभी राहते, मग दुसऱ्या तासाला खोल बाजूच्या. दोन्हीकडे तिचीच शिट्टी. पायरीवर शेजारी बसून गप्पा मारणं मात्र तिने सोडलं आहे. घाबरलेल्या मुलीला ती आता काठावरूनच सांगते, दांडी सोड, मी बघतेय.